तुलूझचा झाकोबँ मठ : चर्च आणि ओवरीच्या आरेखनाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

विटांच्या बांधकामावरील प्रदर्शनासाठी भारताबाहेरचे एक उदाहरण घ्यायचे होते. आजच्या बैठकीत दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरातल्या झाकोबँ मठावर एकमत झाले. कॅथलिक ख्रिश्चनांमधल्या डॉमिनिकन पंथाच्या या मठाचे चर्च १२३० साली सुरू झाले आणि १३३५ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या उत्तरेला लागून असलेला चौक आणि त्याभोवतीची ओवरी चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली आहे. पॅरिसमधील डॉमिनिकनांचा मठ सँ झाक रस्त्यावर होता, त्यामुळे फ्रान्सभर या पंथाच्या लोकांना झाकोबँ म्हणू लागले. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या त्या प्रसिद्ध राजकीय गटाला हे नाव मिळाले ते त्याच्या सभा पॅरिसमध्ये याच पंथाच्या एका मठात भरत असत म्हणून. तुलूझच्या वास्तूशी त्या गटाचा संबंध नाही, हे पहिल्याच फलकावर एका ओळीत सांगून टाकावे लागेल.

आज तेथे उभ्या असलेल्या चर्चची लांबी सुमारे ८० मीटर, रुंदी सुमारे २० मीटर आणि छताची उंची २८ मीटर आहे. आत मधोमध सात गोल दगडी खांबांची एकच रांग आहे आणि तिच्यामुळे आतल्या जागेचे दोन समांतर भाग पडतात. पाहणाऱ्याला ही सगळी रचना एकाच स्थपतीने ठरवून केलेली वाटते, इतकी ती एकसंध आहे. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांत, मधूनमधून थांबत, आधीच्या पिढीने केलेले बांधकाम पाडत आणि पोटात घेत तयार झाली. आपला प्रकल्प या क्रमाचा आहे. लांबीच्या दिशेने घेतलेला एकच छेद (म्हणजे वास्तू उभी कापली तर आतून कशी दिसेल त्याचे चित्र), एकच प्रमाण आणि वास्तूच्या पाच अवस्थांचे पाच फलक असे स्वरूप ठरले आहे.

१९ मे २०२५

आज पहिल्या फलकाच्या मजकुराचा आराखडा केला. कास्तीलमधून आलेले संत डॉमिनिक यांना १२१५ साली प्येर सेलाँ या तुलूझच्या नागरिकाने आपली घरे दिली आणि तेथे या मंडळींचा पहिला गट राहू लागला. पुढच्या वर्षी त्यांना सँ रोमँ हे छोटे चर्च मिळाले आणि २२ डिसेंबर १२१६ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी पंथाला मान्यता दिली. म्हणजे ज्या पंथाचे मठ पुढे युरोपभर आणि त्यापलीकडेही पसरले, त्याची सुरुवात या शहरातली आहे. या वास्तूला इतके महत्त्व का आले, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर त्या काळच्या राजकारणात आहे. भौतिक जग ही वाईट शक्तीची निर्मिती आहे असे मानणारा कॅथर विचार या प्रदेशात रुजला होता. त्याच्या बीमोडासाठी १२०९ मध्ये सुरू झालेली धर्मयुद्धाची मोहीम १२२९ च्या पॅरिस तहाने संपली आणि तुलूझचा काउंट सातवा रेमाँ याला अनेक अटी स्वीकाराव्या लागल्या. त्यांत शहरात विद्यापीठ उभारून तेथील अध्यापकांचा खर्च सोसण्याचीही अट होती. ज्या सुमारास हा तह झाला, त्याच सुमारास डॉमिनिकनांनी नव्या मठासाठी शहरात जागा घेतली. रानावनात जाऊन शेती करणारे जुने मठवासी वेगळे आणि हे वेगळे. यांचे काम प्रवचनाचे, अध्यापनाचे आणि वादाचे, त्यामुळे त्यांना श्रोते हवे होते आणि श्रोते शहरातच मिळणार होते.

२ जून २०२५

पहिल्या चर्चचा छेद कागदावर उतरला. १२३० ते १२३५ या काळात उभी राहिलेली ही वास्तू विटांची, आयताकृती, ठेंगणी आणि लाकडी छपराची होती. आतील चौकोनी खांबांच्या एका रांगेमुळे तिचे दोन भाग पडत. एका बाजूला मठातील बंधूंची प्रार्थना चाले आणि दुसऱ्या बाजूला नागरिक प्रवचन ऐकायला उभे राहत. ही दोन कामे एका छपराखाली, पण एकमेकांच्या आड न येता चालावीत, एवढाच या रचनेमागचा हेतू असावा. सामान्यतः चर्चच्या मधोमध मोकळी वाट असते आणि नजर थेट वेदीवर जाते. येथे मधोमध खांबच आहेत. पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रत्येक बांधणाऱ्याला या खांबांच्या रांगेचा हिशेब करावा लागला, म्हणून पहिला फलक सर्वांत साधा असला तरी बाकीच्या चार फलकांचा पाया तोच आहे.

ठेंगणेपणामागे पंथाची नियमावली होती. डॉमिनिकनांनी १२२० च्या दशकात स्वतःच्या इमारतींवर बंधने घालून घेतली. घरे मध्यम आणि नम्र असावीत. माडी नसलेल्या घराची भिंत १२ फुटांहून, माडी असलेल्या घराची २० फुटांहून आणि चर्चची ३० फुटांहून उंच नसावी. दगडी कमानछत घालू नये. घालायचेच असेल तर फक्त वेदीकडच्या भागावर आणि पूजासाहित्याच्या खोलीवर घालावे. भिक्षेवर जगणाऱ्यांनी राजवाड्यासारख्या इमारतींत राहू नये, हा यामागचा सरळ विचार होता. ३० फूट म्हणजे सुमारे ९ मीटर, आणि आजचे छत आहे २८ मीटरवर. पाचही छेदांवर ९ मीटरच्या उंचीला एक बारीक तांबडी रेघ मारावी, अशी सूचना मी केली आणि ती मान्य झाली. नियम कधी आणि किती ओलांडला गेला, हे मग मजकूर न वाचताही कळेल.

९ जून २०२५

इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चविरोधी मते बाळगणाऱ्यांच्या धार्मिक चौकशीचा, उल्लेख किती करावा, यावर आज बराच वेळ गेला. प्रदर्शन बांधकामाचे असल्यामुळे तो टाळावा, असे एक मत होते. मला ते पटले नाही. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ मध्ये या प्रदेशातील चौकशीचे काम डॉमिनिकनांकडे सोपवले आणि शहराशी त्यांचे संबंध लगेच बिघडले. नोव्हेंबर १२३५ मध्ये, म्हणजे पहिले चर्च जेमतेम उभे राहिले होते तेव्हा, तुलूझच्या नगरप्रमुखांनी सर्व बंधूंना शहराबाहेर काढले. पुढच्या वर्षी ते परत आले. मठातलेच एक बंधू गियोम पेलिसाँ यांनी लिहिलेल्या वृत्तांतात हा तणाव जवळून दिसतो. ज्यांना शहराने हुसकावून लावले होते त्यांनीच पुढच्या शतकात शहरातले एक सर्वांत उंच चर्च उभारले, ही गोष्ट बांधकामाच्या इतिहासाबाहेरची मानता येणार नाही.

मात्र एक खबरदारी घेतली आहे. १२४५-४६ मध्ये पाच हजारांहून अधिक लोकांची जी मोठी चौकशी झाली, ती सँ सेर्नँ या दुसऱ्या चर्चच्या ओवरीत झाली होती. झाकोबँची आजची ओवरी त्या वेळी बांधलीही गेली नव्हती. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात असल्यामुळे ही गल्लत सहज होऊ शकते, म्हणून दोन्ही ओवऱ्यांचा स्पष्ट उल्लेख करणारे एक वाक्य मजकुरात घातले.

१६ जून २०२५

विटेचा नमुना तयार झाला. गारोन नदीच्या सपाट खोऱ्यात चांगला दगड जवळ मिळत नाही आणि माती मुबलक, त्यामुळे तुलूझ हे शहर विटांचे झाले. तेथली परंपरागत वीट साधारण ४२ सेंटीमीटर लांब, २८ सेंटीमीटर रुंद आणि केवळ ५ सेंटीमीटर जाड असते. आपल्याकडच्या नऊ इंची विटेच्या शेजारी ठेवली तर ती फरशीच वाटते. प्रदर्शनात दोन्ही शेजारी मांडायच्या आणि लोकांना हातात घेऊ द्यायच्या, असे ठरले. अशा रुंद, पातळ विटांचे थर आणि त्यांमधला चुन्याचा जाड सांधा यांमुळे भिंतीवर आडव्या रेघांचा जो पोत उमटतो, तो आरेखनात नेमका आणण्यासाठी एका लहान तुकड्याचे मोठ्या प्रमाणातले चित्र स्वतंत्रपणे करावे लागेल.

२७ जून २०२५

दुसरा आणि तिसरा फलक एकत्र हाताळले, कारण त्यांतील संबंध तोडता येत नाही. तेराव्या शतकाच्या मध्याला चर्च पूर्वेकडे वाढवले गेले आणि वेदीमागे बहुकोनी टोक व त्याभोवती छोटी उपासनागृहे आली. छप्पर मात्र लाकडीच राहिले. मठातील बंधूंची संख्या वाढली होती आणि प्रत्येक दीक्षित बंधूला मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) म्हणण्यासाठी वेद्या हव्या होत्या. गरज खरी होती आणि बांधकाम नियमात बसणारे होते.

खरा बदल १२७५ ते १२९२ या काळातला आहे. या सतरा वर्षांत पूर्वेकडचा भाग उंच नेऊन त्यावर विटांचे फासळीदार कमानछत घातले गेले. नियमावलीत जी सवलत होती, ती वेदीकडच्या भागावरच्या छतापुरतीच होती, आणि तुलूझच्या बंधूंनी प्रथम नेमका तोच भाग छतवला. अर्थात छतवण्याची सवलत म्हणजे तिप्पट उंचीची परवानगी नव्हे. तांबडी रेघ या छेदात जमिनीपासून एक तृतीयांश उंचीवरच राहते. तरीही नियमाचे शब्द हाताशी धरून त्याचा आशय मागे टाकण्याची ही पद्धत मला फार बोलकी वाटते. कोणत्याही कागदपत्रात बंधूंनी आपला युक्तिवाद असा मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. हा निष्कर्ष छेद पाहून मी काढलेला आहे आणि फलकावर तो तसाच, आमचे मत म्हणून, छापला जाईल.

१२९२ नंतर सुमारे तीस वर्षे या चर्चचा पूर्वभाग उत्तुंग आणि पश्चिमभाग ठेंगणा होता. आत उभ्या असलेल्या नागरिकाच्या डोक्यावर लाकडी छप्पर, आणि पुढे बंधूंच्या बाजूला एकदम तिप्पट उंचीची, रंगीत काचांतून उजळलेली जागा. ही अवस्था आज कोठेही शिल्लक नाही. पाचही फलकांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पूर्ण झालेल्या वास्तूत न दिसणारी गोष्ट केवळ आरेखनच दाखवू शकते.

४ जुलै २०२५

गेले काही दिवस ‘ताडवृक्ष’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेवटच्या खांबाचे लाकडी प्रतिमान करण्यात गेले. प्रश्न असा होता : खांबांची रांग मधोमध पूर्वेकडे चालत येते आणि चर्चचे टोक बहुकोनी, जवळजवळ अर्धवर्तुळाकार आहे. एरवी अशा टोकाच्या मध्यावर काहीच नसते आणि छताच्या फासळ्या वर एका मध्यबिंदूशी जुळतात. येथे त्या मध्यावरच खांब येऊन उभा राहतो. तो काढावा तर दोन समांतर भागांची छते कोठे टेकवायची? आणि ठेवावा तर अर्धवर्तुळाचे छत त्याच्याशी कसे जुळवायचे?

बांधणाऱ्यांनी खांब ठेवला आणि त्यालाच केंद्र केले. खांबाच्या माथ्यावरून २२ फासळ्या चहूबाजूंना फाकतात. काही थेट भिंतीतल्या आधारांपर्यंत पोहोचतात, काही मधल्या त्रिकोणी खणांच्या जुळणीपाशी येऊन मिळतात, आणि पश्चिमेकडच्या फासळ्या मागच्या नेहमीच्या छताशी नाते जोडतात. खांबाची उंची सुमारे २२ मीटर आहे, म्हणजे फासळ्यांना वर चढायला जेमतेम ६ मीटर मिळतात. त्यामुळे त्यांचा बाक खालून पाहताना ताडाच्या झावळ्यांसारखा दिसतो आणि त्यावरूनच हे नाव पडले.

प्रतिमान करताना बलांची गोष्ट हाताला कळली. फासळ्या सगळ्या बाजूंनी खांबाच्या माथ्यावर रेटतात, पण समोरासमोरचे रेटे एकमेकांना बऱ्याच अंशी निकामी करतात आणि खांबावर उरतो तो मुख्यतः सरळ खाली जाणारा भार. म्हणून तो इतका सडपातळ राहू शकला. फासळ्यांच्या बाहेरच्या टोकांना मात्र असा जोडीदार नाही. तेथला रेटा बाहेरच्या जाड, उंच विटांच्या आधारभिंती पेलतात आणि त्या आधारभिंतींच्या मधल्या पोकळ्यांत उपासनागृहे बसवली आहेत. प्रतिमानात आम्ही बाहेरच्या आधारांपैकी दोन काढून पाहिले तेव्हा भिंत बाहेर झुकली. खांब मात्र जागचा हलला नाही.

तुलूझमध्ये विमान उद्योगात नोकरी करणाऱ्या आमच्या एका मराठी सहकारी ताईंनी खांबाच्या तळाची छायाचित्रे पाठवली आहेत. पायथ्याशी एक गोल आरसा ठेवलेला असतो. मान वर करून थकलेली माणसे त्यात खाली पाहून छत न्याहाळतात. एका छायाचित्रात आरशाच्या कडेला बुटाची टोके आणि मध्यभागी बावीस फासळ्या, असे दोन्ही एकदम आले आहे. प्रदर्शनात प्रतिमान डोळ्यांच्या वर टांगून खाली तसाच आरसा ठेवावा, हे त्या छायाचित्रावरून सुचले.

१५ जुलै २०२५

चौथा फलक : पूर्ण चर्च. घंटामनोरा १२९८ च्या सुमारास झाला. तो अष्टकोनी असून सुमारे ४५ मीटर उंच आहे आणि त्याच्या खिडक्यांच्या माथ्यावर गोल कमानींऐवजी दोन तिरक्या बाजूंची त्रिकोणी टोके आहेत. विटेत अशी टोके करणे गोल कमानीपेक्षा सोपे जाते आणि सँ सेर्नँच्या मनोऱ्यावरही तीच आढळतात. मनोऱ्यावरचे निमुळते शिखर राज्यक्रांतीच्या काळात पाडले गेले.

पश्चिमेकडचा ठेंगणा भाग पूर्वभागाच्या उंचीला नेण्याचे काम १३२५ च्या सुमारास हाती घेतले गेले आणि त्यासाठीचा पैसा मुख्यतः गियोम दे प्येर गोदँ या डॉमिनिकन कार्डिनलनी (पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांनी) दिला. १३३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दफन याच चर्चमध्ये झाले. तांबड्या रेघेच्या संदर्भात हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. भिक्षाव्रती पंथाचा माणूस कार्डिनल होतो, त्याच्याकडे संपत्ती येते आणि तो ती आपल्या मठाला देतो. पंथाच्या नम्रतेच्या नियमाचे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत काय झाले होते, हे समजायला आणखी पुराव्याची फारशी गरज नाही. असे असले तरी खांबांची एकच रांग कायम राहिली. हाती इतका पैसा असताना जुने सगळे पाडून मधोमध मोकळी वाट असलेले नेहमीचे चर्च बांधता आले असते. ते बांधले गेले नाही, कारण बंधू एका बाजूला आणि नागरिक दुसऱ्या बाजूला ही १२३० ची गरज अजून तशीच होती.

बाहेरून मात्र या चर्चने जुना साधेपणा बराचसा टिकवला. लांबच लांब विटांची भिंत, उंच आधारभिंती, त्यांना वर जोडणाऱ्या कमानी आणि त्यांवर गोल छिद्रे. शिल्पे जवळजवळ नाहीतच.

२८ जुलै २०२५

ओवरीच्या आरेखनाला सुरुवात केली. उत्तरेकडचा हा चौक म्हणजे मठाच्या दैनंदिन व्यवहाराचे केंद्र होते आणि सर्व महत्त्वाच्या खोल्यांची दारे त्याच्या ओवरीत उघडत. ओवरीच्या विटांच्या कमानी जोडखांबांवर टेकलेल्या आहेत आणि हे खांब पिरेनीज पर्वतातल्या करड्या संगमरवराचे आहेत. कमरेएवढ्या कट्ट्यावर मनगटाहून थोडे जाड असे दोन खांब शेजारी शेजारी, त्यांच्या डोक्यावर पाने, पशू आणि माणसांचे चेहरे कोरलेले एक सामाईक शीर्ष, आणि त्यावर थेट विटेची कमान : लाल आणि करड्या रंगांचा हा मेळ चर्चच्या आतल्या भव्यतेपेक्षा मला अधिक आवडतो. चर्चच्या बाहेरच्या अंगाला ज्यांनी कोरीव काम टाळले, त्यांनी स्वतःच्या रोजच्या वाटेवर ते भरपूर केले.

पूर्वेच्या बाजूला मठवासीयांचे सभागृह आहे. ते १३०० च्या आसपासचे असून त्याचे सगळे छत दोन अतिशय बारीक खांबांवर पेललेले आहे. रोज सकाळी बंधू येथे जमत, नियमावलीचा एक भाग वाचला जाई, चुकांची कबुली दिली जाई आणि मठाचे निर्णय होत. त्याच्या शेजारी संत अँतोनँ यांचे उपासनागृह आहे. पामिएचे बिशप दोमिनिक ग्रिमा यांनी ते स्वतःच्या दफनासाठी बांधवले आणि १३४१ च्या सुमारास ते पुरे झाले. त्याच्या छतावर वाद्ये वाजवणारे देवदूत आणि बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले वृद्धजन रंगवलेले आहेत. उत्तरेला भोजनगृह आहे. मोठ्या आडव्या कमानींवर लाकडी छप्पर टेकवलेले हे लांब दालन १३०३ च्या सुमारास झाले.

या तारखा इतक्या नेमक्या मिळतात याचे श्रेय बेर्नार गी यांना जाते. १३०७ पासून १३२३ पर्यंत ते तुलूझमध्ये इन्क्विझिटर होते आणि त्याचबरोबर आपल्या पंथाच्या मठांच्या इतिहासाच्या नोंदी ठेवत होते. चौकशीच्या कामातली शिस्त त्यांनी इतिहासलेखनातही पाळली, असे म्हणायला हरकत नाही.

६ ऑगस्ट २०२५

चौथ्या फलकाला एक पुरवणी जोडावी लागली. तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्रज्ञ टॉमस अ‍ॅक्वायनस यांचे निधन ७ मार्च १२७४ रोजी इटलीतील फोसानोव्हा येथे सिस्टर्शियन या दुसऱ्या पंथाच्या मठात झाले होते आणि त्यांचे शरीर सोडायला ते मठवासी तयार नव्हते. १३२३ मध्ये टॉमस यांना संतपद मिळाल्यावर डॉमिनिकनांची मागणी अधिकच तीव्र झाली. अखेर पोप पाचवे अर्बन यांनी अवशेष डॉमिनिकनांना, आणि पॅरिसचा दावा बाजूला ठेवून तुलूझला, देण्याचा निर्णय दिला. २८ जानेवारी १३६९ रोजी ते या चर्चमध्ये आले. टॉमस यांनी पॅरिसमध्ये आणि नेपल्समध्ये शिकवले होते. तुलूझचा हक्क पंथाच्या जन्मस्थानाचा होता. कॅथलिक पंचांगात त्यांचा सण आज २८ जानेवारीला येतो, तो याच आगमनाच्या तारखेमुळे. चर्चचे विधिवत समर्पण १३८५ मध्ये झाले, म्हणजे बांधकाम संपल्यावर पन्नास वर्षांनी.

डॉमिनिकन १५४८ मध्ये गोव्यात आले आणि वसईच्या किल्ल्यात व रेवदंड्याला त्यांच्या चर्चांचे अवशेष अजून पाहायला मिळतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असतील, म्हणून तेवढे एक वाक्य पुरवणीच्या शेवटी ठेवले आहे.

१८ ऑगस्ट २०२५

पाचव्या फलकासाठी राज्यक्रांतीनंतरचा काळ. १७९० मध्ये फ्रान्समधील धार्मिक पंथ बरखास्त झाले, १७९१ मध्ये टॉमस यांचे अवशेष सँ सेर्नँला हलवले गेले, आणि नेपोलियनच्या काळात सगळा मठ सैन्याच्या ताब्यात जाऊन त्याची तोफखान्याची छावणी झाली. चर्चमध्ये मधले मजले घातले गेले. खाली घोडे, वर सैनिक. खिडक्या विटांनी बुजवल्या. संत अँतोनँ यांच्या उपासनागृहात आजारी घोड्यांवर उपचार होऊ लागले आणि त्यांच्या डोक्यावर ते वाद्ये वाजवणारे देवदूत तसेच राहिले. १८३० च्या सुमारास ओवरीच्या पूर्व आणि दक्षिण बाजू पाडल्या गेल्या आणि त्यांचे खांब विखुरले. ऐतिहासिक स्मारकांचे निरीक्षक आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी या स्थितीविरुद्ध आवाज उठवला, पण सैन्य बाहेर पडायला १८६५ साल उजाडावे लागले.

या अवस्थेचा छेद काढताना एक विचित्र गोष्ट समोर आली : सैन्याने घातलेल्या मजल्यांमुळे या चर्चच्या आतली जागा पुन्हा ठेंगणी झाली होती. ३० फुटांचा नियम असा घोड्यांसाठी पाळला गेला, हे वाक्य मजकुरातून संपादकांनी काढून टाकले. येथे ते राहू देतो.

१ सप्टेंबर २०२५

जीर्णोद्धाराच्या मांडणीवर आज निर्णय झाला. १८६५ नंतर वास्तू शहराकडे आली, तरी काम लांबत गेले. काही भाग शेजारच्या शाळेच्या वापरात गेले, आणि पहिल्या महायुद्धात लूव्र संग्रहालयातली चित्रे, मोनालिसासह, सुरक्षिततेसाठी या चर्चमध्ये ठेवली गेली. पद्धतशीर जीर्णोद्धार विसाव्या शतकात होऊन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला. भिंतींवरचे मूळ रंगकाम सापडलेल्या खुणांवरून पुन्हा उभे केले गेले. पश्चिम भिंतीतल्या दोन गोल खिडक्यांच्या काचा चौदाव्या शतकातल्या आहेत. बाकी खिडक्यांना काचचित्रकार माक्स एंग्राँ यांनी १९५५ च्या सुमारास केलेल्या काचा आहेत, दक्षिणेला उष्ण रंगांच्या आणि उत्तरेला शीत रंगांच्या. त्यामुळे दुपारी मधल्या खांबांची एक बाजू तांबूस आणि दुसरी निळसर करडी होते.

ओवरीच्या पाडलेल्या दोन बाजू १९६० च्या दशकात पुन्हा बांधल्या गेल्या. त्यासाठी विखुरलेले खांब आणि स्तंभशीर्षे शोधून परत आणली आणि जेथे ती मिळाली नाहीत तेथे नवी भर घातली. आरेखनात या बाजू कशा दाखवायच्या, यावर आमच्यात मतभेद होते. प्रतिमान करणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते की अवशेष अस्सल असल्यामुळे चारही बाजू एकाच रंगात दाखवाव्यात. माझे मत असे की एखादा खांब अस्सल असणे आणि तो मूळ जागी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणते शीर्ष कोणत्या कमानीखाली होते, हा क्रम एकदा मोडल्यावर पुन्हा जसाच्या तसा लावता येत नाही. शेवटी पश्चिम आणि उत्तर बाजू भरीव रेषेत आणि पूर्व व दक्षिण बाजू तुटक रेषेत काढायच्या, आणि परत आणलेल्या खांबांवर वेगळी खूण करायची असे ठरले. पुन्हा बांधण्याच्या निर्णयाला माझा विरोध नाही. ओवरीचा उपयोगच बंद चौकोनाचा असतो. दोनच बाजू उरल्या असत्या तर सभागृह आणि भोजनगृह यांना जोडणारी वाट कोणाला कळलीही नसती.

९ सप्टेंबर २०२५

फलकांचे अंतिम मजकूर छपाईला दिले. पाचव्या फलकाच्या शेवटच्या परिच्छेदात दोन गोष्टींची भर घातली. टॉमस यांच्या निधनाला सातशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १९७४ मध्ये, त्यांचे अवशेष सँ सेर्नँहून परत येथे आणून वेदीखाली ठेवले गेले. आणि १९७९ पासून दर सप्टेंबरमध्ये मठात पियानोवादनाचा महोत्सव होतो. श्रोते ओवरीत आणि सभागृहात बसतात. मठ म्हणून ही वास्तू आता चालत नाही, ती शहराचे स्मारक आहे, हेही तेथे स्पष्ट केले आहे.

छपाईपूर्वीच्या तपासणीत तिसऱ्या फलकावरची तांबडी रेघ फासळ्यांच्या रेषांत हरवते असे दिसले, म्हणून तिची जाडी तेवढ्या एका फलकावर वाढवली आहे. आरशाचा व्यास आणि प्रतिमान टांगण्याची उंची दालनाची मापे आल्यावर ठरेल. ओवरीतील जोडखांबांचे मोठ्या प्रमाणातले चित्र अद्याप शाईत व्हायचे आहे. त्यात सामाईक शीर्षावरची पाने डाव्या खांबाकडून उजव्या खांबाकडे कशी वळून येतात ते दाखवण्यासाठी ताईंकडून बाजूने घेतलेले आणखी एक छायाचित्र मागवले आहे.